घरातला तिसरा आवाज

चंद्रप्रकाश कोचरेकर सात वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डोळे गेले होते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असं त्याच्याकडे जे काही आहे ते त्या सात वर्षांतलं. वेंगुर्ल्याच्या आजोळचं तांबडं अंगण. पहिली पाळी संपवून गिरणीतून येणाऱ्या वडिलांच्या भुवयांवरचा कापूस. शाळेच्या पाटीवरची अक्षरं, तीही दुसरीपर्यंतचीच. जोडाक्षरं धड व्हायची राहून गेली.

पुढे तो फोर्टातल्या एका विमा कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाला. बत्तीस वर्षं बोर्डावर बसून त्याने 'एक मिनिट हं, जोडून देतो' म्हणत माणसांना माणसं जोडून दिली, आणि निवृत्त होऊन दहिसरला नदीच्या बाजूच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बायकोबरोबर निवांत राहू लागला. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी केव्हाच करून संपवलं होतं.

बायको पद्मजा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. दिवसभर पोरांवर ओरडून घरी आली तरी चहाच्या आधी तासभर ती त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात हे सुरू झालं आणि तीस वर्षं चाललं. आधी पेपर, मग एखादी कादंबरी किंवा कुणाचं तरी आत्मचरित्र. तिचा आवाज जरा घोगरा, पावसाने भिजलेल्या कौलासारखा. निदान त्याला तरी तो तसाच, त्याच रंगाचा वाटायचा. ऐकता ऐकता त्याचा डोळा लागायचा. गोष्टीतला माणूस होडीत चढला की हाही होडीत चढायचा, आणि मग होडी कुठेतरी भलतीकडेच जायची, आजोळच्या अंगणातसुद्धा. जाग यायची तेव्हा पद्मजा वाचतच असायची. आपण किती वेळ झोपलो आणि किती ऐकलं, हे त्याने कधी विचारलं नाही.

मागच्या गणपतीनंतर तिचा घसा बसला तो सुटेचना. काढे झाले, हळद-दूध झालं. शेवटी बोरिवलीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. स्वरतंतूवर गाठ होती. साधीच होती, पण काढायला हवी.

"ऑपरेशन छोटं आहे," डॉक्टर म्हणाले. "पण त्यानंतर तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट जास्त ताण येतो. आणि मोठ्याने वाचन आता कायमचं बंद."

परत येताना रिक्षाने दहिसरचा पूल ओलांडल्यावर पद्मजा म्हणाली, "तीन आठवडे मी घरात आहे की नाही, हे तुम्हाला कळणार कसं?"

"बांगड्या आहेत ना," तो म्हणाला.

ती हसली नाही. त्यालाही आपण फार काही धीराचं बोललो असं वाटलं नाही.

कॉम्प्युटरची कल्पना रुचिराची. रुचिरा त्याच्या धाकट्या भावाची मुलगी, एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ती खोका घेऊन आली. "काका, काकू यावर लिहितील आणि हा तुम्हाला वाचून दाखवेल. पेपर पण वाचेल, पुस्तकं पण वाचेल. सगळं मराठीत."

खोका उघडला तेव्हा थर्माकोल करकरला, आणि नव्या प्लास्टिकचा वास खोलीभर झाला. चंद्रप्रकाशने एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. मुख्य डबा तर जेवणाच्या डब्याएवढाच होता. पडदा हाताला थंड आणि गुळगुळीत लागला. "हा मला काय कामाचा?" त्याने विचारलं. रुचिरा म्हणाली, "काकूंना लागेल ना." तिने कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर मराठी अक्षरांचे छोटे स्टिकर लावायला घेतले, तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "एफ आणि जे सोड. त्यांच्यावर उंचवटे असतात, ते झाकू नकोस. टायपिंग शिकलो तेव्हापासून माझी बोटं तिथूनच घरी येतात."

मशीनमध्ये विंडोज होतं. रुचिराने त्यात एका बाईचा मराठी आवाज घातला. आवाज झकास होता. स्वच्छ, गोड, कुठेही न अडखळणारा, मधे श्वास घेतल्यासारखा भास करून देणारा. त्या आवाजाने पेपरातली पहिली बातमी वाचली तशी रुचिरा म्हणाली, "किती खरा वाटतो ना?"

"वाटतो," चंद्रप्रकाश म्हणाला. पद्मजा काहीच बोलली नाही, आणि तिला तर अजून दोन दिवस बोलायची मुभा होती.

ऑपरेशन नीट झालं. पद्मजा घरी आली आणि घर मुकं झालं. तो कान देऊन तिचा माग काढू लागला. चपलांची फट्फट् स्वयंपाकघरात गेली, नळ सुटला, डब्याचं झाकण उघडलं. मधेच सगळं थांबायचं, आणि ती खिडकीशी उभी आहे की पलंगावर पडली आहे की त्याच्याच समोर बसून त्याच्याकडे बघते आहे, हे कळायचं नाही. एकदा टाळी म्हणजे हो आणि दोनदा म्हणजे नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण हो आणि नाही यांच्यावर किती दिवस काढणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कीबोर्डपाशी बसली. एका बोटाने बराच वेळ टकटक केलं. मग त्या गोड आवाजाने म्हटलं, "अहो, चहा ठेवू का?"

चंद्रप्रकाशच्या अंगावर शहारा आला. जगात त्याला 'अहो' म्हणणारी एकच बाई होती. आता ही दुसरीच कुणीतरी, तरुण, ताजीतवानी, त्याच्या घरात उभी राहून त्याला अहो म्हणत होती. त्याने "ठेव" म्हटलं, पण कुणाला म्हटलं ते त्यालाच कळलं नाही.

चार-पाच दिवस त्याने सवय करून बघितली. दुपारी तो आवाज पेपर वाचायचा. ऐकता ऐकता पूर्वीसारखा त्याचा डोळा लागायचा, पण स्वप्नं निराळीच पडू लागली. त्यांत सगळं स्वच्छ, पुसलेलं असायचं. आजोळच्या अंगणात फरशी बसवलेली असायची. बातमी अपघाताची असो की आंब्याची, आवाज तोच गोडवा घेऊन यायचा. कचेरीतल्या जुन्या मित्राचं ईमेलवर पत्र आलं तेही त्या बाईनेच वाचलं, आणि त्याला तो मित्र काही केल्या आठवेना.

शेवटी त्याने नितेशला फोन केला. नितेश मुलुंडला राहायचा, कचेरीत त्याच्या शेजारच्या बोर्डावर वीस वर्षं बसलेला. तोही आंधळा, पण जन्मापासून, वयाने दहा वर्षं लहान, आणि आता आपल्यासारख्यांना कॉम्प्युटर शिकवणारा.

"आवाज चांगला आहे रे," चंद्रप्रकाश म्हणाला. "पण घरात पाहुणी आल्यासारखं वाटतं. आणि पाहुणी जातच नाही."

नितेश दुसऱ्या दिवशी काठी टेकत आला. त्याने खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला. "यात लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम. आपण ते यावरूनच चालवून बघू. तुझ्या मशीनमध्ये काहीही बदलत नाही. आवडलं तर बसव, नाहीतर पेन ड्राइव्ह काढ, विंडोज जागच्या जागी आहे."

त्याने मशीन बंद करून पेन ड्राइव्हवरून सुरू केलं. बराच वेळ काही नाही. मग एक आवाज आला, पत्र्यावर वाटाणे पडावेत तसा. माणसाचा नव्हताच तो. अक्षरं एकामागून एक टाकत होता, सुका, चटपटीत, कुणाचीही ओळख न सांगणारा.

"हा मराठी आहे?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"मराठीच आहे यार. मीच बसवलाय यात. दोन दिवस ऐक, कान बसतो. आणि दुप्पट वेगाने ऐकता येतो, शब्द तुटत नाही. मी तर चौपट ऐकतो."

पद्मजाने पुढे होऊन काहीतरी टाइप केलं. सुका आवाज म्हणाला, "अहो नितेशभावोजी जेवून जा."

नितेश मोठ्याने हसला. चंद्रप्रकाशही हसला, आणि हसता हसता थांबला. कारण ते 'अहो' कुणाचंच नव्हतं, म्हणून त्याच्या डोक्यात ते पद्मजाचं झालं होतं. तो घोगरेपणा, 'जेवून'मधल्या 'जे'वर तिचा तो किंचित दाब, सगळं त्याच्या कानात आपोआप भरलं गेलं. यंत्राने नुसते शब्द आणून दिले होते. आवाज त्याच्याकडे होताच.

"हा आवाज विंडोजवर पण घालता येतो, बरं का," जेवताना नितेश प्रामाणिकपणे म्हणाला. "आवाजासाठी सिस्टीम बदलायलाच पाहिजे असं नाही."

"मग तू का बदललीस?"

नितेशने घास गिळला. "माझं पहिलं मशीन भावाने बसवलं. दुसरं शेजारच्या पोराने. प्रत्येक वेळी कुणीतरी बसवून द्यायचं आणि मी फक्त वापरायचं. हे मी पहिल्या बटणापासून एकट्याने बसवलं. पहिल्यापासून माझ्याशी बोलत होतं. म्हणून." निघताना त्याने पेन ड्राइव्ह टेबलावरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकडून वारा येत होता. चंद्रप्रकाश मशीनसमोर बसला आणि म्हणाला, "पद्मजा, ये. आपण बसवू या." पद्मजाने पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं आणि खुर्ची ओढली. त्याला ऐकू येत होतं आणि तिला दिसत होतं. तिला बोलता येत नव्हतं.

यंत्राने भाषा विचारली. जगातल्या भाषांची यादी सुरू झाली, आणि तो खालचा बाण दाबत एकेका भाषेवरून पुढे गेला. नावं कधी न ऐकलेली, बंदरांच्या नावांसारखी. अखेर 'मराठी' आली, तिथे त्याने एन्टर दाबलं. यंत्राने वेळ कुठल्या देशाची ते विचारलं, पासवर्ड मागितला, नाव विचारलं. नाव लिहायला त्याने कीबोर्ड पद्मजाकडे सरकवला. तिने काय लिहिलं ते यंत्राने वाचलं तेव्हा त्याला कळलं: तिने 'कोचरेकर' एवढंच लिहिलं होतं.

मग यंत्र म्हणालं, डिस्क पूर्ण पुसून बसवायचं का.

चंद्रप्रकाशचा हात थांबला. पुसलं की विंडोज जाणार, तो गोड आवाजही जाणार. रुचिराने दोन दिवस बसून सगळं लावून दिलं होतं. "शेजारी शेजारी दोन्ही ठेवता येतात म्हणे," तो म्हणाला. "दोन्ही ठेवू या का?"

 बाजूला दोन टाळ्या वाजल्या. नाही.

"पुसू?"

एक टाळी.

त्याने एन्टर दाबलं. पुढचा अर्धा तास यंत्र अधूनमधून टक्के सांगत राहिलं. वीस. बत्तीस. खाली नदीकाठी कुणी धुणं आपटत होतं, त्याचा प्रतिध्वनी समोरच्या टॉवरवरून उशिरा यायचा. चंद्रप्रकाशला वाटलं, आपण कुठल्याशा फलाटावर बसलो आहोत, सामान बांधून, आणि शेजारी आपलं माणूस आहे. कुठे जायचंय ते माहीत नाही, पण घाईही नाही. त्याचा डोळा लागला असावा, कारण मग एकदम शांतता होती.

यंत्र काहीच बोलत नव्हतं. त्याने बटणं दाबून बघितली. काही नाही. "गेलं का?" तो म्हणाला. "वाट लागली का गं? पद्मजा, काय दिसतंय?"

पद्मजाने टाळी वाजवली नाही. हो-नाहीत बसणारं ते उत्तर नव्हतं. तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला, तळवा उताणा केला आणि त्यावर बोटाने काहीतरी रेखलं.

पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. तिने पुन्हा रेखलं, सावकाश. वर एक आडवी रेघ. खाली एक गाठ, दोन्हीकडे पोटं. साठ वर्षांमागची पाटी त्याच्या मनात उजळली, पेन्सिलीचा कुर्र आवाज, पाण्याच्या फडक्याचा वास.

"क," तो म्हणाला. तिने पुढे काना काढला. "का." मग आणखी एक अक्षर. डोकं लहान, शेपूट वळलेलं. "ढ. काढ. काय काढू?"

तिने त्याचं बोट धरून मशीनच्या बाजूला नेलं आणि पेन ड्राइव्हवर ठेवलं. त्याने तो उपटला. मग तिने त्याचं बोट एन्टरवर नेलं. नितेश एवढी एक गोष्ट सांगायला विसरला होता: शेवटी पडद्यावर 'पेन ड्राइव्ह काढून एन्टर दाबा' अशी सूचना येते, ती बोलून दाखवली जात नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं. दोघं हात धरून बसले होते. आणि मग वाटाणे पडले: नमस्कार, कोचरेकर, पासवर्ड टाका.

संध्याकाळी रुचिराचा फोन आला. तिला सांगताना त्याला जरा ओशाळं वाटत होतं. "सगळं पुसलंत, काका?"

"पुसलं. आम्ही दोघांनी बसवलं."

"दोघांनी म्हणजे?"

"म्हणजे मी ऐकलं आणि हिने बघितलं."

रुचिरा म्हणाली, "मला अजून ऑफिसात कोणी हे लिनक्स धडपणे बसवून दाखवलं नाही हो." तिच्या आवाजात राग नव्हता. थोडा वेळ तिने पासवर्ड लिहून ठेवला का, बॅकअप कसा घ्यायचा, असं काहीबाही सांगितलं, आणि रविवारी येते म्हणाली.

त्यानंतरचे दिवस चंद्रप्रकाशला अजून नीट वेगळे वेगळे आठवत नाहीत. ते एकाच लांबलचक दुपारसारखे आठवतात. पद्मजाचं बोट हळूहळू सरावलं. आधी ती चहा, औषध, दूधवाला एवढंच लिहायची. मग खिडकीतलं लिहू लागली. नदीच्या गाळात दोन म्हशी उतरल्यात. समोरच्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावरची बाई कुंडीशी बोलते. बोलत असताना तिने हे असलं कधी सांगितलं नव्हतं. बोलताना कामाचंच तोंडात येतं, लिहिताना हात रेंगाळतो, असं तिने स्वतःच एकदा लिहिलं.

आणि एका दुपारी तिने बराच वेळ टकटक केलं, पुसलं, पुन्हा केलं. यंत्र म्हणालं, "मी तुम्हाला वाचताना फसवलंय."

तो सावरून बसला.

"तुमच्या ओळखीचं कुणी गेल्याची बातमी असली तर मी गाळायचे. संध्याकाळी वेगळी सांगायचे. आणि ती बंदरावरच्या मास्तरांची कादंबरी. त्यात मास्तर परत येत नाही. बोट बुडते. तुम्ही त्या महिन्यात आईच्या जाण्याने इतके खचला होतात. मी शेवट मनाने वाचला."

वाटाण्यांचा आवाज थांबला. चंद्रप्रकाशने तिच्या गुडघ्याचा अंदाज घेऊन त्यावर हात ठेवला.

"माहीत होतं," तो म्हणाला.

बांगड्या किणकिणल्या.

"त्या दिवशी शेवटची आठ-दहा मिनिटं तू पानच उलटलं नाहीस. एवढं लांब पान कुठल्या पुस्तकात असतं?"

तिने लिहिलं, "मग बोलला का नाहीत?"

"मास्तर घरी आला होता. बायकोने त्याचे पाय धुतले होते. मी तिथेच होतो, ओसरीवर. त्याला परत कशाला पाठवायचं?"

मग त्याच्या खांद्यावर तिचं डोकं आलं आणि तिथेच राहिलं.

तीन आठवडे संपले तेव्हा डॉक्टरांनी तिला 'आ' म्हणायला लावलं. चंद्रप्रकाश बाजूच्या खुर्चीत श्वास रोखून बसला होता. आवाज आला, पण तो थोडा बदलला होता. घोगरेपणा उतरला होता, आणि त्याखालून एक बारीक, कोवळा सूर निघाला होता, कदाचित लग्नाच्याही आधीचा. डॉक्टर म्हणाले, रोज पाच-पाच मिनिटांनी वाढवा.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो."

"परत म्हण," तो म्हणाला.

"पाचच मिनिटं दिलीत. त्यातली वाया घालवू?"

पण तिने परत म्हटलं. तो कान देऊन ऐकत राहिला. ओळख व्हायला दोन-चार दिवस गेले.

वाचन मात्र आता यंत्रच करतं. साडेतीन वाजले की चंद्रप्रकाश ते लावतो, पेपर आधी, मग पुस्तक. पद्मजा त्याच्या शेजारी पलंगावर पाय लांब करून पडते. तीस वर्षं तिने दुसऱ्याला वाचून दाखवलं, तिला कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. पहिल्या काही दुपारी ती सावध होती, मधेच उच्चार दुरुस्त करायची: "पुनतांबा नाही, पुणतांबा म्हण," असं यंत्राला सांगायची. पुढे तेही सुटलं.

परवा एका प्रवासवर्णनात कुणी डोंगर चढत होतं. यंत्र एकसुरात पायवाट सांगत होतं, झरा, करवंदांची जाळी, आणि चंद्रप्रकाशच्या लक्षात आलं की शेजारचा श्वास लांबला आहे. पद्मजा झोपली होती. आवाज बंद केला तर ती जागी होईल, हे त्याला स्वतःवरून ठाऊक होतं. त्याने बोट चाचपत नेऊन आवाज एक पायरी खाली आणला, मग आणखी एक. इतका हळू की आता शब्द नीट लागत नव्हते. यंत्र डोंगर चढत राहिलं. ती कुठवर पोचली असेल कुणास ठाऊक. तिचा एक पाय झोपेत हलला, वाटेवर काहीतरी ओलांडल्यासारखा.